तीन व्होल्टवरचा कान

१८ मे, सोमवार. पाटोदा

वैशूचा फोन. आप्पांना आता फोनवर काहीच कळत नाही म्हणाली, नुसतं हां हां करतात आणि आईच्या हातात देतात. यात नवीन काय. मागच्या आठवड्यात मी विचारलं, आप्पा, गुडघा कसा आहे, तर म्हणाले, "हां, आंबे आलते."

नवीन ते पुढचं. प्रवीणराव आप्पांसाठी ऐकायचं मशीन करायलेत. खिशात ठेवायची डबी, तिला माइक, हेडफोन आणि आवाज कमीजास्त करायला फिरवायचं बटण. "पेन्सिल सेलवर चालणारं, ताई. आप्पाच म्हणले, दोन सेलवर चाललं पायजे, कुठंबी मिळतेत."

आप्पा म्हणाले. धाकट्या जावयाला म्हणाले. मला नाही.

दवाखान्यातलं कानातलं मशीन कपाटात पडून आहे. शिट्टी वाजते आणि बोटांत सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. आप्पांनी होऊ दिली नाही. जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, त्यांना हाताशी बटण पाहिजे. हे मला कळतं. मग मी का नाही आधी केलं? सुचलं नाही. त्याला सुचलं.

मोंढ्याजवळच्या त्या दुकानात आप्पांच्या टेबलाला लागून एक स्टूल होतं. त्यावर मी बसायचे. सोल्डरची तार धरायला मी, रेझिस्टरवरचे रंग वाचायला मी. वैशूला त्या धुरानं मळमळायचं. आणि आता तिचा नवरा! लग्नात त्याला सोल्डरिंगची गन कुठून धरतात ते ठाऊक नव्हतं. कॅमेरे बसवायची कामं घ्यायचा. सगळं आप्पांनी शिकवलं त्याला, त्याच टेबलावर.

कालपासून अधिक महिना लागला. दोन्ही जावयांना धोंड्याचं आवतन ३१ ला आहे. तोवर माझं मशीन तयार पाहिजे. वैशूला बोलले नाही.

२० मे, बुधवार

माझ्या शाळेला सुट्टी. हे पंचायत समितीत मीटिंगला गेलेले. आप्पांनी दुकान बंद केलं तेव्हा मला दिलेला सुट्या भागांचा डबा खाली काढला.

माइकमधून येतो तो आवाज अगदी बारीक. तो मोठा करायला ऑपॲम्पची चिप लागणार. कुठला? ७४१ हा आप्पांचा लाडका, पण त्याला शून्याच्या वर एक आणि खाली एक असा दुहेरी सप्लाय लागतो. आप्पा खिशात दोन दोन बॅटऱ्या घेऊन देवळात जाणार का? ०७२ आवाजाला गोड, पण सात-आठ व्होल्ट दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. राहिला ३५८. एकेरी सप्लायवर चालतो, तीन व्होल्टपासून चालतो असं त्याच्या माहितीपत्रातच लिहिलंय, आणि डब्यात मूठभर पडलेत. ठरलं.

जोडला. मोबाइलच्या चार्जरवर, म्हणजे पाच व्होल्टवर लावला. काय सांगू! शेजारच्या काकूंचं कांदा चिरणं ऐकू आलं. फ्रिजमागची पाल ऐकू आली. हे आले, त्यांनी दारात चप्पल काढली ती थेट माझ्या कानात.

"काय ऐकायलीस?"

"तुमची चप्पल."

"बरं," म्हणाले आणि पाणी प्यायला गेले. या माणसाला कशाचं म्हणून नवल नाही.

२३ मे, शनिवार

प्र.चा फोन. "ताई, तुमीबी मशीन करायलात म्हणं?"

ह्यांचं काम. ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. साडूला कौतुकानं सांगून मोकळे झाले.

"कुठला ऑपॲम्प घेतलाव?"

"३५८."

"दोन सेलवर? ताई, त्यो वर चढत न्हाई ओ. वरचे दीड-एक व्होल्ट सोडूनच देतोय. तिनातून दीड गेलं तर राह्यलं काय? मी ६००२ मागवलाय. पार खालपासून वरपर्यंत जातोय, अन् सेल उतरले तरी दमत न्हाई. दोन जास्तीचे हायत, पाठवू का?"

"नको. माझं छान चाललंय." आणि चाललेलंच आहे, मी या कानांनी ऐकलंय.

मग म्हणाला, "आप्पाच म्हणले मला, अडलं तर शैलाला इचार, तिला जमतंय."

हे खरं असेल, तर आप्पांनी सरळ मलाच का नाही सांगितलं? आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला असेल, तर तो चांगला माणूस आहे. ते तर आणखी अवघड. वाईट माणसावर जळणं सोपं असतं.

जळतेच आहे मी. लिहून टाकलं एकदा. दोडक्याची भाजी पण जळाली.

२७ मे, बुधवार

वैशूनं व्हिडिओ पाठवला. प्र.ची कामाची फेरी अंबाजोगाईला असतेच, त्यात तो अर्धवट झालेलं मशीन घेऊन आप्पांकडे गेला. डबी नाही, नुसता भाग जोडलेला पट्टा, तारा लोंबतायत. आप्पांच्या कानाला हेडफोन. मागून आई काहीतरी म्हणते आणि आप्पा तिकडे न बघता तिला उत्तर देतात! किती महिन्यांनी. मग हसतात. त्यांचा हात प्र.च्या खांद्यावर.

चार वेळा बघितला. पहिल्यांदा आप्पांसाठी. नंतरचं खरं सांगायचं तर स्टुलासाठी. दुकानातून घरी आणलेल्या माझ्या त्या स्टुलावर बसलाय, एक पाय दुमडून, जसा काही जन्मल्यापासून तिथंच बसतोय.

हे म्हणाले, "चांगलं झालं की. मामांना ऐकू यायलंय."

चांगलंच झालं. मी कुठं वाईट झालं म्हणते.

माझीही डबी झाली. साबणाची आहे, पण नीट दिसते. सेल बसवायची जागा केली, बटण बसवलं. सेलवर चालवून बघायचं तेवढं राहिलं. घरात नवे नाहीत, घड्याळातले उतरलेले. एवढ्यासाठी उन्हात कोण जातंय, अंबाजोगाईला घेऊ.

३० मे, शनिवार. अंबाजोगाई

मांजरसुंब्याला बस बदलली, तिथून उभ्यानं. ऊन असं की खिडकीची सळई धरवेना. हे म्हणे, उद्या पंगतीला तुझी तब्येत नीट पाहिजे, लिंबूपाणी घे. घेतलं.

पोचलो तर प्र. आणि वैशू आधीच आलेले. मागच्या खोलीत आप्पांचं टेबल. हेडफोन त्यांच्या कानाला, डबी मात्र प्र.च्या हातात, काहीतरी तपासत होता. आप्पा मला बघून उठले. "आलीस? बस मिळाली का?"

"मिळाली, आप्पा. मांजरसुंब्यापासून उभ्यानं आलो."

आप्पांनी प्र.कडे बघितलं. माइक त्याच्या मुठीत. तो डबीवर वाकून म्हणाला, "ताई उभ्यानं आल्या म्हणतेत."

"अरारा," आप्पा म्हणाले.

माझं बोलणं माझ्या बापाला त्यानं सांगितलं. मी पिशवीतून माझी डबी काढलीच नाही.

३१ मे, रविवार. अंबाजोगाई

सकाळपासून चुलीपुढे. वैशू कणीक मळायला, मी पुरण भरून धोंडे वळायला आणि तळायला. आईची सारखी सूचना, "तोंड नीट मिटव बाई, धोंडा फुटला की सगळं तेल बाद." बाहेर दोन पाट, रांगोळी, समया. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. एरवी ह्यांना नारायण होऊन बसलेलं बघताना मला हसू येतं. आज आलं नाही.

आईनं दोघांना ओवाळलं. मग वाण द्यायची वेळ. ते आप्पा स्वतः देणार म्हणून सकाळीच सांगून बसलेले. मी कढईपाशी होते, घाणा तेलात होता, वर तो खिडकीतला पंखा घरघरतोय. बाहेर हे मोठ्यानं काहीतरी बोलत होते, एवढंच कळलं. आप्पांशी सगळेच मोठ्यानं बोलतात.

तुपाची वाटी घेऊन बाहेर आले. दोघांपुढे अनारशांचं ताट आणि वर दिवा. ह्यांच्या मांडीवर कपड्याचा आहेर. आणि प्र.पुढे स्कोप.

आप्पांचा स्कोप. कॉलेजच्या जुन्या सामानातून आणलेला, हिरव्या पडद्याचा, आवाजाची लाट दाखवणारा. लहानपणी मी त्यापुढे "आऽऽ" करायचे आणि पडद्यावर माझा आवाज उभा राहायचा. आप्पा म्हणायचे, "हे बघ, ही तू." त्याला हळदकुंकू लावून धाकट्या जावयाला दिला. वाण म्हणून!

तूप सांडलं. आई ओरडली. प्र.नं माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मिरवायची लाज वाटली असेल.

मला साडी मिळाली. शेवाळी. आईनं निवडलेली. छान आहे.

आणि एवढ्यावर भागलं नाही. दुपारी चहा झाल्यावर ह्यांनीच विषय काढला, "हिनंबी मशीन केलंय, मामा." मग काढली डबी. नवे सेल घातले. हेडफोन आप्पांच्या कानाला मी लावले, बटण फिरवलं आणि म्हणाले, "आप्पा."

त्यांनी डोळे मिटून तोंड वाकडं केलं. मी पुन्हा हळू बोलले. मग मोठ्यानं.

"फाटतंय, शैले. हळू बोललीस तर येईना, जोरात बोललीस की फाटतंय." हेडफोन काढले. नीट, हळूच काढले, माझ्या हातात दिले. ते हळूच काढणं जास्त लागलं. मग त्यांनी आपलं रोजचं लावलं. प्र.चं.

प्र. म्हणाला, "ताई, मधला व्होल्टेज जरा खाली घेतला तर—"

"तुम्ही राहू द्या. तुमचं झालंय ना कौतुक? आता माझं मला बघू द्या."

 वैशूनं पदराला हात पुसले, पुसलेले हात परत पुसले. मला वाटलं, निदान आप्पांना तरी ऐकू गेलं नाही. मग लक्षात आलं, त्यांच्या कानाला प्र.चं मशीन आहे. लख्ख ऐकू गेलं असणार.

२ जून, मंगळवार. पाटोदा

मीटर घेऊन बसले. सेल नवे, तीनच्या किंचित वर. ३५८ चं आउटपुट काही केल्या दीडच्या फार वर जाईना. आणि मी मधला बिंदू बसवलेला बरोबर दीडवर, दोन सारखे रेझिस्टर लावून, शहाण्यासारखा. म्हणजे आवाजाच्या लाटेला खाली उतरायला जागा आहे, वर चढायला जागाच नाही. वरचा अर्धा भाग कापलेला. फाटणारच. चार्जरच्या पाच व्होल्टवर वर जागा शिल्लक होती म्हणून तेव्हा गोड वाटलं. तीन व्होल्टपासून चालतो हे खरंच आहे, पण चालणं म्हणजे तिन्ही व्होल्ट वापरणं नव्हे. हे वाचूनही मी वाचलं नव्हतं.

स्कोप असता तर एका नजरेत दिसलं असतं. स्कोप बीडला, प्र.च्या घरी आहे. आणि प्र.नं फोनवर सांगितलं होतं ते शब्दाला शब्द बरोबर निघालं. त्याला बरोबर असायची काय गरज होती?

मधला बिंदू खाली ओढला. आता फाटत नाही, पण आवाज लहान. सेल जरा उतरले की पुन्हा तेच. हे ठिगळ झालं. आप्पांना ठिगळ देणार नाही. ६००२ मागवला. पाटोद्याला यायला आठवडा तरी जाणार.

४ जून, गुरुवार

वैशूनं निघताना अनारशांचा डबा दिला होता. आज शेवटचे दोन काढले तर तळाशी चांदीच्या कागदाची पुडी. उघडली. काळ्या फोममध्ये टोचून ठेवलेले दोन ६००२.

मी नको म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते. तरी ठेवले, आणि तेही असे की परत देताना मलाच कानकोंडं वाटावं.

हे आले आणि म्हणाले, "अनारसे संपले का?"

"संपले." पुडी डब्यात ठेवून झाकण लावलं. माझे येतायत.

७ जून, रविवार

आज जे कळलं ते नीट लिहिते, म्हणजे उद्या मला ते स्वप्न वाटायला नको.

हे गावाकडून, तलवाड्याहून आले, शेतात कापसासाठी नांगरट करून घेतली. जेवताना मी काहीतरी टोमणा मारला, स्कोपावरूनच. गेला आठवडाभर मारतेच आहे. तर हे सहज म्हणाले, भाकरी मोडत, "अगं ते स्कोपचं मशीन मामांनी आधी माझ्याच पुढं ठिवलतं."

"काय?"

"वाण म्हणून. माझ्या पुढं ठिवलं अन् हात जोडले. मी म्हणलं, मामा, मला काय करायचं हे, आमच्या घरी कोण वापरणार? प्रवीणरावांना द्या, त्यांना कळतंय ह्यातलं."

"आणि आप्पा?"

"आप्पा काय... आधी बघतच राह्यले माझ्याकडं. मला वाटलं, ऐकू आलं नसंल. म्हणून पुन्हा जोरात म्हणलं."

"काय म्हणालात जोरात?"

"हेच की. आमच्या घरी कोण वापरतंय."

दोनदा. सगळ्या पंगतीपुढे. आणि ह्यांना वाटतंय, आपण मोठेपणा केला. पहिल्यांदा आलेलं वाण साडूला सोडलं, किती मानाचं! ह्यांच्या घरी सगळे असेच. पहिला आंबा आला तरी दुसऱ्याच्या ताटात टाकतील.

आप्पा मला आणखी कशानं देणार होते? लेकीच्या हातात वाण देत नाहीत. द्यायचं ते जावयाच्या हातात. त्यांनी रीत पाळून, हळदकुंकू लावून, हात जोडून तो मला दिला होता. आणि माझ्या नवऱ्यानं मोठ्यानं सांगितलं, आमच्याकडे नको.

मी खूप बोलले. ह्यांना इतकं कधीच बोलले नव्हते. ते जेवण टाकून उठले नाहीत, उठायला पाहिजे होतं. शेवटी म्हणाले, "मला कसं कळावं? तू कधी म्हणलीस का, मला पायजे म्हणून?"

म्हणायचं असतं का असलं?

पण म्हटलं नव्हतं, हेही खरं.

९ जून, मंगळवार

दोन दिवस एकच डोक्यात. आप्पांना वाटतंय मला नको होता. आणि वर दुपारी मी प्र.ला जे बोलले तेही त्यांनी ऐकलं. दोन्ही जोडून ते काय समजले असतील?

आईला फोन केला. म्हटलं, आप्पांना एक सांगायचंय. आई म्हणाली, "सांग की. पर मला वरडावं लागतंय बाई, गल्लीला ऐकू जातंय. काय सांगू?"

हे ओरडून सांगायचं आहे का? मुलीला स्कोप पाहिजे होता, जावयानं नको म्हणून सांगितलं, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायका ऐकतायत.

"थांब," आई म्हणाली, "त्यांच्या कानाला प्रवीणचं मशीन लावते. फोन त्याच्यापाशी धरते, मग तूच बोल."

"नको. राहू दे."

का नको? लिहिते. माझ्या बापाला मी हे आयुष्यात एकदाच सांगणार, आणि ते प्र.च्या ऑपॲम्पमधून जाणार? तो माझा आवाज मोठा करणार, मग आप्पा तो ऐकणार? नाही. मला माहीत आहे हा मूर्खपणा आहे. तिकडे आप्पा मनात काहीबाही घेऊन बसलेत आणि मी पार्सलची वाट बघतेय.

अनारशांच्या डब्यातले दोन ६००२ आहेतच. हात लावला नाही.

१२ जून, शुक्रवार

पार्सल आलं. माझे ६००२, माझ्या नावावर.

दुपारभर बसून नवीन पट्ट्यावर सगळं पुन्हा. मधला बिंदू बरोबर मध्ये. या चिपला मध्ये चालतं, तिला वरची फांदीही आपली आणि खालचीही आपली. पुढे हेडफोन चालवायला दोन ट्रान्झिस्टर. आवाज फार वाढू नये म्हणून बटणाला मर्यादा घातली, डॉक्टर तेवढं निक्षून म्हणाले होते.

आधी नवे सेल. साफ. मग मुद्दाम घड्याळातले ते दमलेले सेल. तरीही साफ! सेल मेल्यात जमा आणि माझी डबी गातेय. मी एकटीच हसले. बराच वेळ प्र. डोक्यात आलाच नाही. मग आला, कारण त्यानं हीच चिप सांगितली होती.

ह्यांच्या कानाला लावून म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"येतंय," हे म्हणाले. मग, "मी येऊ का तुझ्यासंगं? मामांना मी सांगतो, माझी चूक झाली म्हणून."

"नको. तुम्ही पुन्हा मोठ्यानं सांगाल."

हसले बिचारे.

१४ जून, रविवार. अंबाजोगाई

एकटी आले. प्र. नव्हता, बरं झालं. आप्पा मागच्या खोलीत, कानाला त्याचं मशीन. टेबलावर स्कोपच्या जागेचा धुळीचा चौकोन अजून पुसलेला नाही. आईनं का पुसला नाही ते मी विचारलं नाही.

मी स्टुलावर बसले. त्यांचे हेडफोन काढले आणि माझे लावले. बटण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं अगदी हळूहळू फिरवलं, जुन्या रेडिओवर स्टेशन शोधतात तसं. थांबले.

बाहेर नळाला पाणी आलेलं. "कळशी भरायली तुझी आई," म्हणाले. मग, "वाण्याचा पोरगा सायकल घेऊन चाललाय, चेन कोरडी हाय त्याची." मग माझ्याकडे वळून, "बोल की कायतरी."

आठवडाभर घोकलेलं सगळं तोंडाशी होतं. म्हणाले, "जेवलात का?"

"हे इचारायला एवढं मशीन केलंस व्हय?"

मी हसले आणि मला रडू आलं. दोन्ही एकदम. त्यांनी बटण किंचित कमी केलं, रडणं फार मोठं येत असेल.

मग तेच म्हणाले. "स्कोप तुला नको हुता म्हणं."

"कोण म्हणालं?"

"जावई म्हणले. दोनदा म्हणले."

"त्यांना माहीत नव्हतं, आप्पा. मी कधी बोलले नाही त्यांना. मला पाहिजे होता."

"परत म्हण."

ऐकू आलं नाही म्हणून नव्हे. मला कळलं. मी परत म्हणाले, "मला पाहिजे होता."

आप्पा बोटांनी त्या चौकोनातली धूळ सारखी करत बसले. मग म्हणाले, "जावई न्हाई म्हणले तवा मी आतल्या दाराकडं बघितलं. म्हणलं, आता येईल. येऊन म्हणंल, कावून नको? द्या इकडं. लई वाट बघितली. मग प्रवीणच्या पुढं सरकिवलं."

"मी तळत होते, आप्पा. तेलाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही."

"तुलाबी?" म्हणाले.

 आई चहा घेऊन आली आणि आमच्या तोंडाकडे बघून कप ठेवून गेली.

"दिलेलं वाण मागता येत न्हाई," आप्पा म्हणाले.

"मी मागणारच नाही."

"प्रवीण दिऊन टाकील. मागायच्या आधी दील."

"म्हणून तर नको."

त्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "त्यो सरळ हाय गं. सरळ माणूस तुला कावून सोसत न्हाई?"

उत्तर होतं. दिलं नाही. दिलं असतं तर असं दिलं असतं: तो सरळ नसता तर तुम्ही त्याला या स्टुलावर बसवलंच नसतं.

निघताना दोन्ही डब्या टेबलावर शेजारीशेजारी. उद्या सकाळी ते कुठली लावतील ते बघायला थांबायची फार इच्छा झाली. शाळा सुरू होतेय, थांबता आलं नाही.

१७ जून, बुधवार. पाटोदा

शाळेचे पहिले दिवस, घसा बसलाय. पाचवीतली नवी मुलं, निम्मी अजून आलीच नाहीत.

संध्याकाळी प्र.चा फोन. नेहमीसारखा सुरू झाला नाही. म्हणाला, "ताई, आज आप्पांचा फोन आलता. त्यांचा स्वतःचा, आईंनी लावून दिला न्हाई. स्कोपाचं समदं सांगितलं. तुमच्यासाठी हुता हे मला खरंच ठाव नव्हतं ओ. मला त्या दिवशीच कसंतरी वाटलं, तुमच्याकडं बघितलं तर तुमी... जाऊ द्या. रविवारी आणून देतो. वाण-बिण मी काय मानत न्हाई, तुमच्याकडंच पायजे त्यो."

म्हणजे त्या दिवशी मान खाली घातली ती त्यासाठी.

 तो म्हणाला, "ताई? ऐकायलाव ना?"

इथं मी थँक्यू म्हणायला हवं होतं. किंवा नको म्हणायला. किंवा त्या दिवशी बोलले त्याचं काहीतरी. मी काय विचारलं?

"आप्पांनी फोन केला तेव्हा कुठलं मशीन लावलं होतं?"

प्र. म्हणाला, "ते कसं कळावं, ताई? पर आज पयल्यांदा मला काय परत म्हणावं लागलं न्हाई. एकेक शब्द ऐकू येत हुता त्यांना."

ठेवला फोन. दोन्हीत ६००२च आहे, दोन्हीतून एकेक शब्द येणारच. आईला विचारून बघता येईल, पण ती म्हणेल, मला काय बाई दोन्ही डब्या सारख्याच.

हे विचारतायत, रविवारी प्रवीणराव येणार असतील तर जेवायला काय करायचं. अजून काही सांगितलेलं नाही. आण की नको, हे प्र.लाही नाही.